कुत्र्याची झोप, बैठक आणि खुबे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा बाळू लॅब्रॅडॉर आहे, वय ११. नऊ महिन्यांचा असताना त्याचे दोन्ही खुबे सैल असल्याचं कळलं. तेव्हापासून घरात बाळूच्या मागच्या पायांवर जेवढं लक्ष असतं तेवढं माणसांच्या तब्येतीवरही नसतं. सकाळी मैदानावर कुत्री फिरवायला येणाऱ्या मंडळींना हे ठाऊक आहे. त्यामुळे माझ्या फोनवर झोपलेल्या कुत्र्यांचे फोटो येत राहतात आणि खाली एकच वाक्य असतं: "असा झोपतो, नॉर्मल आहे ना?" प्रश्न तेच तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षांत डॉक्टरांकडून जे ऐकलं, वाचून जे समजलं आणि घरच्या फरशीवर बसून जे पाहिलं, ते इथे आहे.

खुबा बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं?

कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोटी. गोटी वाटीत घट्ट बसून फिरली की पाय मोकळा चालतो. हिप डिस्प्लेझियात ही जोडी सैल असते. वाढत्या वयात गोटी नीट आत न बसता कडेकडेने सरकत राहते, वाटी उथळ होत जाते, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा घासली जाते आणि शेवटी तिथे संधिवात मुक्काम ठोकतो. कुत्र्यांमधला हा विकार १९३५ साली अमेरिकेत पहिल्यांदा नोंदवला गेला.

पिल्लू जन्मतं तेव्हा खुबे ठीक असतात, सैलपणा पुढच्या काही आठवड्यांत येतो. मूळ आनुवंशिक आहे, पण अनेक जनुकांचा कारभार असल्याने चांगल्या आईबापांच्या पोटीही सैल खुब्यांचं पिल्लू निघतं. वर खाणंपिणं, वजन, फरशी यांचा हात असतोच.

दुखणं साधारण दोनदा डोकं वर काढतं. पहिल्यांदा पाच ते बारा महिन्यांच्या दरम्यान. मग शरीर सांध्याभोवती जाड आवरण तयार करून त्याला थोडा आवळतं आणि कुत्रा बरा दिसू लागतो. "मोठा झाला तसं गेलं बघा," असं लोक सांगतात ते याच काळात. गेलेलं नसतं, दबून बसलेलं असतं. उतारवयात झिजलेला सांधा परत बोलू लागतो.

आमचा कुत्रा बेडकासारखा पालथा पसरतो. मागचे पाय सरळ मागे, तळवे वर. खुबा खराब आहे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर: नाही, त्याला उकडतंय.

पोटाकडे केस कमी असतात, त्यामुळे गार फरशीला पोट टेकवलं की अंगातली उष्णता पटकन उतरते. मे महिन्यात दुपारी शहाबादी फरशीवर हे आसन न घालणारं कुत्रं शोधून दाखवा. पिल्लं तर बारा महिने असंच पसरतात. कॉर्गी आणि फ्रेंच बुलडॉगसारखी आखूड पायांची कुत्री मोठेपणीही पसरतात.

यात एक गंमत आहे. दुखऱ्या खुब्याला सगळ्यात नकोशी हालचाल म्हणजे पाय मागे ताणणं. डॉक्टर तपासताना मांडी हळूच मागे ओढून पाहतात ती त्यासाठीच. दुखत असेल तर कुत्रा वळून हाताकडे बघतो, अंग आवळतो किंवा गुरगुरतो. आता जो आपण होऊन दोन्ही पाय सरळ मागे टाकून अर्धा तास घोरतो, त्याचे खुबे निदान ताणले तर दुखत नाहीत एवढा अंदाज बांधता येतो. याला प्रमाणपत्र मात्र समजू नका. सैल सांध्याचं पिल्लूही मजेत पसरतं, कारण सैलपणा आणि दुखणं एकाच दिवशी येत नाहीत.

मी कान कधी टवकारतो? पाच वर्षांचा कुत्रा, आजवर कधी असा पसरला नव्हता, आणि आता ऐन थंडीतही पसरतो तेव्हा. किंवा वर्षानुवर्षं पसरणाऱ्याने ते अचानक सोडलं तेव्हा. हे दुसरं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. आहे ते दिसतं, थांबलेलं दिसत नाही. बाळू चौथ्या वर्षी पसरायचा थांबला आणि आम्हाला ते कळलं जुने फोटो चाळताना, सातव्या वर्षी.

बसताना एक पाय बाजूला फेकून फतकल मारतो. आळशीपणा की दुखणं?

वय सांगा, मग बोलू. चार-पाच महिन्यांचं पिल्लू फतकल मारून बसणारच. त्याचे पाय अजून त्याच्या ताब्यात यायचेत, पुठ्ठ्याचे स्नायू भरायचेत. ते सोडून द्या.

मोठा कुत्रा नीट बसला की मागून बघा. दोन्ही गुडघे पूर्ण दुमडलेले, टाचा ढुंगणाखाली, दोन्ही बाजू सारख्या. जो कायम एका कुशीला कलून बसतो आणि एक पाय बाहेर ठेवतो, त्याला तो पाय पूर्ण दुमडायचा नसतो. गुन्हेगार खुबाही असू शकतो, पण माझ्या पाहण्यात तरी निम्म्या वेळा तो गुडघा निघाला. गुडघ्यातला एक अस्थिबंध हळूहळू झिजून तुटतो. तसं झालं की गुडघा मिटताना दुखतो आणि कुत्रा पाय बाजूला काढून बसतो. डॉक्टर लोक हे बसणंच एक चाचणी म्हणून वापरतात.

घरी करायचं एवढंच: आठवडाभर, दिवसातून चार-पाचदा, तो बसला की मागून फोटो काढा. कधी डावा पाय बाहेर, कधी उजवा, असं असेल तर सवय. दर वेळी तोच पाय बाहेर असेल तर ते फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात कुत्रा टेबलावर भीतीने शहाण्यासारखा बसतो आणि आपण खोटे ठरतो.

जिलबीसारखा वेटोळं करून झोपतो. सांधे आखडले असतील का?

थंडी वाजत असेल. चादर घाला. उलट, नाक शेपटीत खुपसण्याइतकं वेटोळं करायला पाठ, खुबे आणि गुडघे तिन्ही नीट मिटावे लागतात. म्हाताऱ्या कुत्र्याचं वेटोळं हळूहळू सैल होत जातं: जिलबीचं अर्धवर्तुळ, मग नुसतंच कुशीवर. असं झालं तर लक्षात ठेवा, पुढच्या भेटीत सांगा.

उताणा झोपतो, चारही पाय वर.

झोपू द्या. फोटो पाठवा मात्र, मला आवडतात.

नेहमी एकाच कुशीवर झोपतो. ती बाजू दुखरी की दुसरी?

यावरून बाजू ठरवता येत नाही. दुखरा खुबा दाबला जाऊ नये म्हणून काही कुत्री तो वर ठेवतात. काही जण मात्र उठताना चांगला पाय जोर लावायला मोकळा राहावा म्हणून दुखरी बाजूच खाली घेतात. काहींना फक्त दाराकडे तोंड करून झोपायचं असतं, त्याचा सांध्यांशी काही संबंध नसतो. हे तपासणं सोपं आहे, अंथरूण खोलीच्या समोरच्या भिंतीला हलवा. कूस बदलली तर तो दाराचा भक्त. न बदलता अवघडून तसाच झोपला तर बाजूचा प्रश्न खरा आहे.

मग बघायचं तरी काय?

उठणं. झोपलेल्या कुत्र्याच्या फोटोत फार काही नसतं. तो कसा उठतो याच्या दहा सेकंदांच्या व्हिडिओत बरंच असतं.

निरोगी कुत्रा कुशीवरून उठताना मागचे पाय अंगाखाली ओढतो आणि एका झटक्यात उभा राहतो. जागा होतानाच दाराशी पोचलेला असतो. बाळूचं उठणं असं: आधी मान वर. मग पुढचे पाय ताठ. बसलेल्या सिंहासारखा थोडा वेळ तसाच, जणू काही विचार चाललाय. मग पुढच्या पायांनी अंग ओढायला लागतो, छाती पुढे, नखं टाइल्सवर करकर वाजतात, मागचा भाग अजून जमिनीवरच. एक हुंकार, म्हाताऱ्या माणसाच्या "आई गं"सारखा. मग ढुंगण वर येतं, मागचे पाय जवळजवळ आणि थोडे आत वळलेले. पहिली पाच-सहा पावलं लाकडी. दिवाणखाना ओलांडेपर्यंत चाल मोकळी होते, आणि पाहुणे म्हणतात, "छान चालतो की!"

ती पहिली सहा पावलंच खरी. विश्रांतीनंतर आखडणं आणि चाललं की मोकळं होणं ही संधिवाताची खूण आहे. सकाळी, थंडीत आणि आदल्या दिवशी जास्त धावपळ झाली असेल तर ते जास्त जाणवतं.

आडवं होणंही बघा. दुखणारा कुत्रा जागेवर फिरफिर फिरतो, अर्धा वाकतो, परत उभा राहतो आणि शेवटचा वीतभर धप्पकन पडतो. थोडं गोल फिरणं सगळ्याच कुत्र्यांत असतं, पण फिरून फिरून बेत रद्द करणं नसतं. रात्री तासातासाला जागा बदलणं, मध्येच उठून धापा टाकणं, हेही लिहून ठेवण्यासारखं.

आणि उभं राहणं: दुखऱ्या खुब्यांचा कुत्रा वजन पुढे ढकलतो. काही महिन्यांनी खांदे पैलवानाचे आणि मांड्या काडीच्या दिसतात. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला शिंप्याच्या टेपने बाळूच्या दोन्ही मांड्यांचा घेर मोजतो आणि कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, लिहितो. टेप दर वेळी त्याच जागी लावायची, नाहीतर आकडे निरर्थक.

पळताना दोन्ही मागचे पाय एकत्र टाकतो, सशासारखा. गोड दिसतं.

गोड दिसतं खरं. पिल्लू कधीमधी असं करतं त्यात काही नाही. सहा-आठ महिन्यांचं मोठ्या जातीचं पिल्लू दर वेळी, जिन्यावर आणि सपाटीवरही, तसंच पळत असेल तर दाखवून घ्या. दोन्ही पाय एकत्र टाकले की एकेका खुब्यावरचा भार वाटला जातो, म्हणून ते ही युक्ती शोधतं. आम्ही तीन महिने बाळूच्या सशाच्या उड्यांचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवत होतो.

हे मोठ्या विलायती कुत्र्यांचंच दुखणं ना? आमचा गावठी / पामेरियन / पग आहे.

अल्सेशियन, लॅब, गोल्डन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांची नावं पुढे असतात हे खरं, पण कुत्र्यांच्या खुब्यांच्या एक्स-रेंना श्रेणी देणाऱ्या ओएफए या अमेरिकी संस्थेच्या नोंदींत पग आणि बुलडॉग अगदी वरच्या रांगेत आहेत. वजन कमी असल्यामुळे पग सहसा लंगडत नाही, एवढंच. दुसऱ्या टोकाला ग्रेहाउंड, त्यांच्यात हा विकार जवळपास नसतोच. ग्रेहाउंड बसायलाही नाखूश असतो, पण ते भरलेल्या मांड्यांमुळे. म्हणजे बसण्यावरून अंदाज करताना जातही बघावी लागते.

पामेरियन चालता चालता एक पाय वर घेऊन दोन उड्या मारतो आणि परत काही न झाल्यासारखा चालतो, ती बहुधा गुडघ्याची वाटी सरकल्याची खूण. लहान जातीचं पाच-आठ महिन्यांचं पिल्लू एकाच मागच्या पायाने सतत लंगडत असेल तर खुब्याच्या गोटीचा रक्तपुरवठा तुटणं हा वेगळा आजार असू शकतो, तो एक्स-रेत कळतो. गावठी कुत्र्यांत अपघात आधी विचारा. रस्त्यावरून घरी आणलेल्याच्या कमरेत जुनं, वाकडं जुळलेलं फ्रॅक्चर निघणं काही विशेष नाही.

कालपर्यंत ठीक होता, आज उठतच नाहीये. खुबा गेला का?

खुबा एका रात्रीत जात नाही. आपल्याकडे अशा वेळी आधी आठवावा तो गोचीड. गोचिडांतून पसरणाऱ्या तापात कुत्र्याचे सांधे सुजतात, अंग कडक होतं, चाल काचेवरून चालल्यासारखी होते, खाणं सुटतं. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडो न सापडो, ताप मोजा आणि रक्त तपासून घ्या. प्लेटलेट उतरलेल्या असतात. वेळेत औषध मिळालं तर कुत्रा काही दिवसांत उभा राहतो. बाळू आठ वर्षांचा असताना आम्ही चार दिवस "खुबे वाढलेत" म्हणून शेकत बसलो होतो. निघाला गोचीडताप. जुन्या निदानाचा हा तोटा, नंतरचं प्रत्येक दुखणं त्याच खात्यावर जातं.

पाठीचा कणाही विसरू नका. अल्सेशियनच्या कमरेच्या शेवटच्या मणक्यांत नस दाबली जाते, तेव्हा तो बसायला, उडी मारायला, शेपूट उचलायला कुरकुरतो. उतारवयात त्यांना होणाऱ्या मज्जारज्जूच्या एका आजारात दुखत काहीच नाही, पण मागचे पाय लुळे पडत जातात आणि पंजा उलटा टेकतो. मागच्या पायांची मधली नखं वरून घासलेली दिसली तर खुब्यापेक्षा नसांचा संशय जास्त. मागचे पाय ओढत असेल, लघवी अडली किंवा नकळत होत असेल, तर सकाळची वाट बघू नका.

निदान कसं होतं? हाताने तपासून कळत नाही का?

थोडं कळतं. भुलीखाली डॉक्टर मांडी वर दाबून मग बाहेर फाकवतात. सैल गोटी खट्कन वाटीत परत बसते, ते हाताला जाणवतं. ही चाचणी मुळात तान्ह्या बाळांसाठीची, ऑर्टोलानी या इटालियन बालरोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाते.

पक्कं ठरतं ते एक्स-रेवर. कुत्र्याला उताणं झोपवून दोन्ही पाय सरळ, समांतर ताणून फोटो काढतात. त्यासाठी भूल लागते आणि लोक तिथेच बिचकतात. पण जागा कुत्रा स्नायू आवळतो, कंबर तिरकी होते आणि तिरक्या फोटोत चांगला खुबाही वाईट दिसतो. फोटोवर गोटीचा मध्य आणि वाटीची कड यांचा कोन मोजतात, साधारण १०५ अंश किंवा जास्त असेल तर ठीक. ओएफए २४ महिन्यांच्या आत अंतिम श्रेणी देत नाही. ब्रिटनच्या पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात, जितके कमी तितकं चांगलं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झालेली पेनहिप पद्धत सैलपणाच मोजते आणि १६ आठवड्यांच्या पिल्लावरही करता येते.

परळचं, नागपूरचं, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथल्या रुग्णालयातही चौकशी करा. एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या, फोनने काढलेला फोटो पुढच्या डॉक्टरांना कामाचा नसतो.

आणि एक विचित्र गोष्ट: एक्स-रे भयंकर आणि कुत्रा मजेत, असंही असतं. उलटही असतं. उपचार कुत्र्यावर करायचे असतात.

पिल्लाला केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत. म्हणजे खुबे चांगले?

पेपर वंशावळीचे असतात, सांध्यांचे नसतात. आईबापांचे खुब्यांचे एक्स-रे दाखवा म्हणा. विकणारा "आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही" म्हणाला तर त्याने काढलेलेच नाहीत, असं समजून चाला.

पिल्लू तीन महिन्यांचं आहे. आत्ताच काय करता येईल?

कॅल्शियमचं सिरप बंद करा. रागावू नका, पण लॅबच्या पिल्लाला "हाडं मजबूत व्हावीत" म्हणून ते पाजायची आपल्याकडे रीतच पडलीय. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जादा आलेलं कॅल्शियम नीट नाकारता येत नाही, आणि हाडांची वाढ बिघडते. त्याला मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं मिळत असेल तर वरून काही नको. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या चिकनवर असेल तर उलट कमी पडतं, तिथे डॉक्टरांकडून आहार बांधून घ्या.

दुसरं, गुबगुबीत पिल्लू वाढवू नका. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर अभ्यासले गेले. निम्म्यांना त्यांच्या जोडीतल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, पोटभर खाणाऱ्यांचं ११.२. खुब्यातला संधिवात एक्स-रेत दिसायला लागण्याचं मध्यम वय कमी खाणाऱ्यांत १२ वर्षं, पोटभर खाणाऱ्यांत ६. जोड्या भावंडांच्याच, फरक फक्त वाडग्यात. मी हे आकडे आईला वाचून दाखवले. तिने बाळूच्या पोळीवरचं तूप बंद केलं, पोळी नाही.

तिसरं, जिना. नॉर्वेत पाचशेच्या आसपास मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढउतर करणाऱ्या पिल्लांत खुब्यांचा विकार जास्त दिसला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. म्हणून लहान आहे तोवर उचलून न्या, आणि मैदानावर माती-गवतात मोकळं सोडा. बंद लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांना माझी सहानुभूती आहे.

नसबंदी कधी करावी?

लॅब, गोल्डन, अल्सेशियन यांच्यात वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्यांचे विकार जास्त आढळलेत. घरात सांभाळता येत असेल तर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं गणित वेगळं आहे, तिथे ही सबब पुढे करू नका.

फरशी बदलायची का?

फरशी नको, तिच्यावर काहीतरी टाका. विट्रिफाइड टाइल्स म्हणजे अशा कुत्र्यासाठी शेवाळलेला घाट. पाय बाजूंना घसरतात, प्रत्येक वेळी खुबा ताणला जातो, आणि मग कुत्रा उठायचंच टाळतो. महागड्या गाद्यांआधी हे करा: त्याच्या झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग वाट अंथरा. काथ्याची पायपुसणी, जुने योगा मॅट, खाली रबरी जाळी घातलेली सतरंजी, काहीही. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा.

अंथरूण म्हणाल तर आमच्याकडे आजीची गोधडी, चार घड्या. फार मऊ गादीत म्हातारा कुत्रा रुततो आणि उठताना पायाला आधार मिळत नाही. घट्ट, कोरडं आणि जमिनीपासून जेमतेम वर, एवढं पुरे.

घरातली दुखण्याची गोळी अर्धी दिली तर?

नाही. पावही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅकने तर गिधाडं संपवली. ते औषध दिलेल्या गुरांची कलेवरं खाऊन ती मेली, आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

कुत्र्यांसाठी मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन अशी औषधं आहेत. ती डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेल्या मात्रेत, खाण्यासोबत द्यायची आणि अधूनमधून यकृत-मूत्रपिंडांची रक्ततपासणी करायची. स्टेरॉइड चालू असेल तर सोबत द्यायची नाहीत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आधीची चिठ्ठी न्या. आम्ही एकदा नेली नव्हती. काळी शी होईपर्यंत कळलं नाही.

तेल, हळद, ग्लुकोसामाइन?

ग्लुकोसामाइनचा पुरावा तोकडा, माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा त्यापेक्षा बरा. तेलाने मालिश करा, त्याला आवडत असेल तर, पण मग तो ते चाटतो आणि सोफ्याला पुसतो. गरम पाण्याच्या पिशवीने दहा मिनिटं शेकणं स्वस्त आणि साधं, आधी आपल्या हाताला लावून बघायची. या सगळ्यांहून मोठं औषध वजन कमी करणं. बाळू ४१ किलोंवरून ३२ वर आला त्या वर्षी त्याची गोळी निम्म्यावर आली.

व्यायाम थांबवू नका. रविवारी दोन तास आणि इतर दिवशी काही नाही, असं केलंत तर सोमवारी त्याला उठवणार नाही. रोज वीस-वीस मिनिटं दोनदा, मऊ जमिनीवर. पोहता येत असेल तर फारच छान. चेंडू फेकणं बंद, त्यातल्या उड्या आणि गर्रकन वळणं महागात पडतात.

ऑपरेशन?

वयावर आहे. कमरेच्या हाडाच्या दोन बाजू खाली जिथे जुळतात तो सांधा लवकर जोडून वाटीला गोटीवर नीट झाकण घालायला लावणारी छोटी शस्त्रक्रिया २० आठवड्यांच्या आतच उपयोगाची. कमरेचं हाड कापून वाटी फिरवण्याची शस्त्रक्रिया साधारण दहा महिन्यांपर्यंत, तीही संधिवात सुरू झाला नसेल तर. म्हणून संशयाच्या पिल्लाचा एक्स-रे लवकर काढायचा. लंगडायची वाट बघितली की हे दोन्ही दरवाजे बंद होतात, आमचे झाले. पुढे उरतं ते गोटी काढून टाकणं, जे हलक्या कुत्र्यांत चांगलं मानवतं, आणि पूर्ण खुबा बदलणं, जे उत्तम पण खर्चिक आणि मोजक्याच ठिकाणी होतं. बहुतेक कुत्री या कशाशिवाय, वजन, व्यायाम आणि औषधांवर आयुष्य काढतात.

मग तुमचा बाळू आता कसा झोपतो?

दुपारी उंबऱ्याशी, अर्धा गोधडीवर आणि अर्धा खाली, डाव्या कुशीवर. अंथरूण हलवून बघितलं, तरी डाव्याच कुशीवर. गेल्या एप्रिलमध्ये एका दुपारी लाइट गेले, पंखा बंद, आणि अर्ध्या तासाने बघतो तर स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कडप्प्यावर पालथा, मागचे पाय मागे. पूर्ण सरळ नव्हते, उजवा जरा तिरका होता. सात वर्षांनी पसरला होता. फोटो काढायला फोन आणेपर्यंत लाइट आले, आणि तो उठायच्या तयारीला लागला.